जगाच्या स्थापनेपूर्वी

माझा धाकटा भाऊ अकरा दिवसांचा होऊन वारला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. १९७४ साल होते आणि आम्ही नगरला राहत होतो. दफनाहून माणसे परत आली, ओसरीवर सतरंजी अंथरली गेली, आणि त्या संध्याकाळी मी दोन वाक्ये ऐकली. पहिले शेजारच्या काकूंचे होते. त्या आईजवळ बसून म्हणाल्या, “सटवीनं तेवढंच लिहिलं होतं गं.” दुसरे आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे होते. ते वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देवाची योजना. आपण काय बोलणार?” दोघांच्याही बोलण्यात खरी माया होती. मला मात्र ती दोन्ही वाक्ये एकच वाटली. कोणीतरी, कुठेतरी, आम्हाला न विचारता काहीतरी लिहून ठेवले होते, आणि आता ते वाचून दाखवले जात होते. फरक एवढाच, की काकूंच्या सटवीने पाचव्या दिवशी लिहिले होते आणि आमच्या देवाने त्याहून फार पूर्वी.

पुढे कित्येक वर्षे “देवाची योजना” हे शब्द कानी पडले की माझ्या पोटात गोळा उठत असे. मंडळीत ते नोकरी मिळाल्यावर, लग्न मोडल्यावर, बस चुकल्यावर, कोणी गेल्यावर सर्रास म्हटले जातात. आज मी त्या शब्दांविषयी लिहीत आहे, कारण गेली काही वर्षे मी मंडळीतल्या मुलांचा दृढीकरणाचा वर्ग, म्हणजे आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा वर्ग, घेते आणि यंदा नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय शिकवत असताना एका चौदा वर्षांच्या मुलीने हात वर करून विचारले, “टीचर, सगळं आधीच ठरलंय, तर मग प्रार्थना कशाला करायची?” तिला वर्गात जे थोडके सांगता आले, ते इथे सविस्तर लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या अध्यायातला तिसऱ्या वचनापासून चौदाव्या वचनापर्यंतचा भाग मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. सुमारे २०० शब्दांचे, श्वास न घेता पुढे जाणारे. मराठी भाषांतरात त्याची सोयीसाठी तुकड्यांत विभागणी झालेली आहे, पण मोठ्याने वाचून पाहिले तर अजूनही जाणवते, की लिहिणाऱ्याला थांबता येत नाही. एक कृपा सांगून होते तोच तिच्या पोटातून दुसरी निघते. हे पत्र बंदिवासातून लिहिलेले आहे. ते स्वतः प्रेषित पौलाने लिहिले की त्याच्या एखाद्या शिष्याने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि काही फार जुन्या हस्तलिखितांत “इफिस येथील” हे शब्दही नाहीत. माझ्या श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते या वाक्याचे रूप. हा सिद्धान्त मांडणारा निबंध नाही. “देव धन्यवादित असो” या शब्दांनी सुरू होणारे ते स्तवन आहे, आणि देवाने आम्हांला जगाच्या स्थापनेपूर्वी ख्रिस्ताच्या ठायी निवडून घेतले, हे विधान त्या स्तवनाच्या आत येते. त्याला स्तवनातून उपटून काढले आणि तर्काच्या पाटावर एकटेच बसवले, की ते भयानक दिसू लागते. चर्चच्या इतिहासात हे अनेकदा घडले आहे.

हे विधान एकट्या इफिसकरांच्या पत्रातले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की ही कृपा युगांच्या काळापूर्वीच ख्रिस्त येशूच्या ठायी दिलेली आहे. पेत्राचे पहिले पत्र ख्रिस्ताविषयी सांगते, की तो जगाच्या स्थापनेपूर्वी नेमलेला होता आणि काळाच्या शेवटी प्रकट झाला. म्हणजे आदामाकडून चूक झाली, मग देव गडबडला आणि त्याने घाईघाईने काही उपाय योजला, असे ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. तारण ही दुरुस्ती नव्हे. मनुष्य निर्माण होण्याच्या आधी, अगदी माती निर्माण होण्याच्याही आधी, त्याला आपला म्हणण्याचा निश्चय झालेला होता. मध्ययुगात या प्रश्नावर एक सुरेख वाद झाला. मनुष्याने पाप केलेच नसते, तर देवपुत्र देहधारी झाला असता काय? थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे, की पवित्र शास्त्र देहधारणेचे कारण म्हणून सर्वत्र पापाकडेच बोट दाखवते, म्हणून आपण तेवढेच म्हणावे. डन्स स्कोटस यांचे म्हणणे असे, की देवाच्या मनात ख्रिस्त आधी आहे आणि बाकी सर्व नंतर, त्यामुळे पाप नसते तरीही तो आलाच असता. मी स्कोटसच्या बाजूची आहे. वादात जिंकण्यासारखा पुरावा माझ्याजवळ नाही. पण वडील घरी येतात ते केवळ मुलाने काही फोडले म्हणून नव्हे, एवढे मला कळते.

आता त्या वाक्यातल्या मराठी शब्दांकडे वळते, कारण शाळेत मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि शब्दांपाशी रेंगाळण्याची सवय सुटत नाही. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात या अध्यायात चार शब्द येतात: दत्तक, खंडणी, वतन आणि विसार. चारही शब्द घरादाराच्या आणि जमिनीच्या व्यवहारातले आहेत. “खंडणी” हा शब्द आज वर्तमानपत्रांनी बिघडवून टाकला आहे. मुलांना तो ऐकताच गुंडांनी मागितलेले पैसे आठवतात, आणि ख्रिस्ताने खंडणी भरली हे वाक्य त्यांना विचित्र वाटते. इथे अर्थ आहे बंदिवानाला सोडवून आणण्यासाठी भरलेल्या मोलाचा. खुद्द “तारण” या शब्दालाही व्यवहारातला दुसरा अर्थ आहेच. सोने तारण ठेवून कर्ज काढणे हे कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? गहाण पडलेली वस्तू सोडवून घरी आणणे आणि बुडणाऱ्याला तारणे, हे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात शेजारी शेजारी उभे राहतात, याला मी आपल्या भाषेचे भाग्य समजते.

“विसार” तर मला सर्वांत प्रिय आहे. माझ्या वडिलांनी घरासाठी जागा घेतली, तेव्हा ठरलेल्या रकमेतले थोडे पैसे आधी देऊन विसारपावती करून घेतली होती, आणि तो कागद त्यांनी खरेदीखत होईपर्यंत ट्रंकेत, धुतलेल्या कपड्यांच्या घडीत जपून ठेवला होता. जागा अजून आमची झालेली नव्हती, पण ती आता दुसऱ्या कोणाची होऊ शकत नव्हती. पौल म्हणतो, पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. ग्रीकमधला मूळ शब्दही बाजारातलाच आहे आणि त्याचा अर्थ नेमका हाच आहे. तेव्हा ही सनातन योजना म्हणजे ढगांच्या वर ठेवलेला एखादा नकाशा नसून तिची आगाऊ रक्कम आपल्या हातात पडलेली आहे, असे हे वाक्य सांगते.

दहाव्या वचनात आणखी एक शब्द आहे, ज्याचे भाषांतर “व्यवस्था” असे होते. ग्रीक शब्द आहे ओइकोनोमिया. ओइकोस म्हणजे घर, आणि हा शब्द मुळात घर चालवण्याविषयीचा, घरकारभाराविषयीचा आहे. पूर्वेकडील चर्चच्या आचार्यांनी तारणाच्या संपूर्ण इतिहासासाठी हाच शब्द वापरला. जगाच्या तारणाची योजना सांगण्यासाठी त्यांना सेनापतीची किंवा वास्तुशिल्पकाराची भाषा वापरता आली असती; त्यांनी घर चालवणाऱ्याची वापरली. हे मला समजले तेव्हा मला माझी आजी आठवली.

आमच्या आजीची एक रीत होती. घरातल्या सुनेला किंवा लेकीला सातवा महिना लागला, की ती कापड बाजाराच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात जाऊन एक पितळी फुलपात्र विकत घेत असे. त्यावर ती तिथेच साल घालून घेत असे आणि त्याच्या वर बोटभर जागा मोकळी सोडायला सांगत असे. बाळाचा बाप्तिस्मा झाला, नाव सर्वांसमोर घेतले गेले, की ती ते फुलपात्र पदराखाली घेऊन पुन्हा त्याच दुकानात जाई आणि मोकळ्या जागेत नाव घालून आणी. आम्हा नातवंडांची सात फुलपात्रे स्वयंपाकघरातल्या मांडणीत वरच्या फळीवर ओळीने असत. आमच्यापैकी कोणीही ते फुलपात्र मिळवण्यासाठी काही केलेले नव्हते. मुलगा की मुलगी, गोरे की सावळे, शहाणे की व्रात्य, हे काही ठाऊक होण्याच्या आधीच मांडणीत जागा केलेली असे. जगाच्या स्थापनेपूर्वी निवडले, या शब्दांचा अर्थ मला कोणत्याही टीकाग्रंथाने यापेक्षा अधिक समजावून दिलेला नाही.

इथे सटवीकडे परत यावे लागते. शेजारच्या काकूंच्या श्रद्धेचा मला उपहास करायचा नाही. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा, कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवणाऱ्या घरांतही बाळावरच्या प्रेमानेच ते केले जाते. पण त्या लेखातले भय खरे आहे. लिहिणारी येते, कपाळावर लिहिते, आणि काय लिहिले ते तिलाही पुसता येत नाही. इफिस शहरातल्या लोकांनाही असेच भय होते. आजच्या तुर्कस्तानात सेल्चुकजवळ त्या शहराचे अवशेष आहेत. तिथे अर्तमी देवीचे जगप्रसिद्ध मंदिर होते आणि ते शहर मंत्रतंत्रासाठी ओळखले जात होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे की तिथल्या नवविश्वासी लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तके आणून जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरली. जे लोक ग्रहताऱ्यांच्या आणि अदृश्य सत्तांच्या लेखाला घाबरत होते, त्यांच्यासारख्या लोकांपर्यंत हे पत्र गेले, आणि त्यांना सांगण्यात आले की तुमच्याविषयी सर्वांत आधी जे ठरले, ते कोणत्याही सत्तेने ठरवलेले नाही. ते पित्याने, प्रेमाने, आपल्या पुत्राच्या ठायी ठरवले आहे. सनातन योजनेचा उपदेश हा प्राक्तनाच्या भयातून सुटकेचा उपदेश म्हणून जगात आला. आम्हीच त्याला पुन्हा प्राक्तन करून टाकले. माझ्या भावाच्या मरणाच्या दिवशी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी जे म्हटले, ते सटवीच्या लेखाला दिलेले ख्रिस्ती नाव होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या कानाने ते बरोबर ओळखले होते.

पवित्र शास्त्रातली योजना कशी चालते, हे पाहायचे असेल तर योसेफाची गोष्ट पुरेशी आहे. भावांनी त्याला विकले; पुढे दुष्काळात तेच भाऊ मिसर देशात त्याच्यासमोर आले. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात तो त्यांना म्हणतो, की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले. मूळ हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. भावांचे योजणे खरे आहे आणि ते दुष्टच आहे. देवाच्या योजण्याने ते चांगले ठरत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्रही असेच बोलतो: येशू देवाच्या ठाम संकल्पानुसार तुमच्या स्वाधीन झाला, आणि तुम्ही अधर्म्यांच्या हातून त्याला वधस्तंभावर खिळून मारले. एकाच वाक्यात संकल्प देवाचा आणि हात माणसांचे. दोहोंपैकी एक पुसून दुसरे सोपे करण्याची मुभा शास्त्र देत नाही. मला या वाक्यात अवघडपण दिसते, आणि ते अवघडपण तसेच राहू द्यावे असे मला वाटते.

आपल्या मराठीत ही सारी योजना पहिल्यांदा विस्ताराने सांगितली गेली ती गोव्यात, सासष्टीत. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टी, आदाम, अब्राहाम, इस्राएल, संदेष्टे असा तारणाऱ्याची वाट पाहणारा सगळा काळ येतो आणि दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र. छत्तीस अवस्वरु, म्हणजे अध्याय, नुसती वाट पाहण्याला दिले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्टीफन्स यांना थेट बेथलेहेमपासून सुरुवात करता आली असती. पण अनादि संकल्प समजायचा तर त्याला लागलेला काळही ऐकणाऱ्याने सोसला पाहिजे, हे त्या ओवीकाराला ठाऊक होते. त्या काळातल्या सासष्टीचा विचार करताना मला एक गोष्ट लपवता येत नाही: तिथे मंदिरे पाडली गेली होती आणि पोर्तुगीज सत्तेचा वचक होता. कृपेचा ग्रंथ अशा भूमीत लिहिला गेला, ही वेदना ग्रंथाच्या गोडव्याबरोबर वाचावीच लागते.

त्याच काळात युरोपात या विषयावर घनघोर वाद चालले होते. देवाची कृपा आणि माणसाची स्वतंत्र इच्छा यांचा मेळ कसा घालायचा, यावर कॅथलिक चर्चमध्ये डॉमिनिकन आणि येशूसंघी या दोन धर्मसंघांच्या वादावर रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशा झाल्या आणि १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही बाजूने निकाल न देता, एकमेकांना पाखंडी म्हणू नका असे सांगून तो वाद थांबवला. प्रॉटेस्टंटांत याच्या उलट झाले. डच धर्मपंडित जेकोबस अर्मिनियस यांच्या अनुयायांनी १६१० साली आपले पाच मुद्दे मांडले, आणि १६१८-१९ साली हॉलंडमध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने त्यांच्या विरोधात निर्णय दिला. याच १६१९ सालात स्टीफन्स गोव्यात वारले. अर्मिनियसच्या बाजूचे म्हणत, की कोण विश्वास ठेवील हे देवाने आधी पाहिले आणि त्यांना निवडले. डॉर्टच्या सभेने म्हटले, की विश्वास हे निवडीचे कारण नसून तिचे फळ आहे. या वादाची मुळे थेट पाचव्या शतकातल्या धर्माचार्य ऑगस्टीनपर्यंत जातात. ५२९ साली ऑरेंज येथील सभेने ऑगस्टीनची कृपेविषयीची शिकवण मान्य केली, पण देवाने कोणाला वाइटासाठी नेमले आहे असे म्हणणाऱ्याचा स्पष्ट शब्दांत धिक्कारही केला. हा धिक्कार आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो सांगितला पाहिजे.

१९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आमची मंडळी त्यात सामील झाली. त्या चर्चमध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा परंपरा एकत्र आल्या. डॉर्टच्या वाटेने आलेले आणि अर्मिनियसच्या वाटेने आलेले आज एकाच बाकावर बसून प्रभुभोजनात एकाच पेल्यातून घेतात. तारणाची योजना सर्व काही ख्रिस्तामध्ये एकत्र करण्याची आहे असे दहावे वचन म्हणते, आणि त्या बाकावर मला त्याचा छोटासा विसार दिसतो.

डॉर्टचे सिद्धान्त म्हटले की लोकांना कठोर, कोरडे काहीतरी आठवते. मलाही तसेच वाटत असे. मग एकदा मी ते नीट वाचायला बसले आणि पहिल्या भागातल्या सतराव्या कलमापाशी येऊन थांबले. त्यात म्हटले आहे की देवभीरू आईबापांनी बालपणीच मरण पावलेल्या आपल्या मुलांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका बाळगू नये. त्या पंडितांच्या सभेत, तर्कावर तर्क रचले जात असताना, कोणालातरी मातीआड गेलेली मुले आठवली होती. त्या काळात ती प्रत्येकाच्याच घरात असणार. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. माझा भाऊ बाप्तिस्म्याशिवाय गेला होता. पुढे २००७ साली कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानेही बाप्तिस्मा न होता मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे सांगणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला. दोन वेगळ्या घरांतून, चारशे वर्षांच्या अंतराने, एकाच दिशेला दिवा दाखवला गेला.

योजनेचा विस्तार किती, याविषयी तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र म्हणते, सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे. निवड आणि ही इच्छा यांची सांगड कशी घालायची? विसाव्या शतकात धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी जे उत्तर दिले ते मला सर्वांत शास्त्राला धरून वाटते: निवडलेला आधी ख्रिस्त आहे आणि आपण त्याच्या ठायी आहोत. “ख्रिस्ताच्या ठायी”, “त्याच्या ठायी” हे शब्द त्या एका लांब वाक्यात पुन्हा पुन्हा येतात, दहाहून अधिक वेळा. माझे नाव कोणत्या यादीत आहे, हे शोधायला मी कुठल्या गुप्त दालनात जायचे नाही, ख्रिस्ताकडे पाहायचे.

आणि ही निवड दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही, हे तर पत्राचा दुसरा अध्याय स्पष्टच सांगतो. तिथे यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली आडभिंत पाडल्याचे वर्णन आहे. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांनी आत पाऊल टाकल्यास मरणाला सामोरे जावे लागेल, असा इशारा कोरलेला एक शिलालेख १८७१ साली सापडला आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. हे वाचताना माझ्या मनात वेस उभी राहते. माझे पणजोबा ज्या वस्तीत जन्मले ती गावाच्या वेशीबाहेर होती, आणि विहिरीवर त्यांच्या सावलीचाही विटाळ होत असे. त्यांना जेव्हा मिशनच्या शाळेत कोणीतरी वाचून दाखवले, की तुम्ही आता परके व उपरे नाही, देवाच्या घरचे आहात, तेव्हा त्यांनी ते कसे ऐकले असेल! सनातन योजना म्हणजे त्यांच्या दृष्टीने, गावाने तुला बाहेर ठेवण्याच्या फार आधी देवाने तुला आत घेतले होते, ही बातमी होती. गावाची वेस फार जुनी होती, पण ती जगाच्या स्थापनेपूर्वीची नव्हती.

आता त्या मुलीचा प्रश्न. धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांचे नाव निवडीच्या सिद्धान्ताशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांनी आपल्या मुख्य ग्रंथाची अखेरची आवृत्ती १५५९ साली काढली. तिच्या तिसऱ्या भागात एकविसावे प्रकरण सनातन निवडीवर आहे. त्याच्या लगेच आधीचे, विसावे आणि खूप मोठे प्रकरण प्रार्थनेवर आहे. मी तिला म्हटले, “त्यांनी तुला आधी गुडघे टेकायला लावले आहेत आणि मग योजना सांगितली आहे. योजना समजली म्हणून प्रार्थना संपत नाही. ज्याच्याशी तू बोलतेस त्याने तुझे ऐकायचे केव्हापासून ठरवले आहे, ते योजना तुला सांगते.” तिने मान हलवली, पण तिचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटले नाही. चौदाव्या वर्षी होऊही नये.

वर्ग संपल्यावर तिने हळूच सांगितले, की तिची मावशी उन्हाळ्यात वारली आणि घरी सगळे “देवाची योजना” म्हणत आहेत. तिला मी जे सांगितले ते मी माझ्याच मंडळीला सांगू इच्छिते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा येशूने त्यांच्या मरणाचा हिशेब मांडून दाखवला नाही. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून त्याने स्वतःच “नाही” म्हटले. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो कबरेकडे जाताना रडला. ज्याच्या हाती योजना आहे तो जर रडतो, तर शोकघरात आपण योजनेचे नाव घेऊन रडणाऱ्याला गप्प करू नये. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे म्हणतो खरे, पण ते कल्याण काय हे पुढच्याच वचनात सांगितलेले आहे: आपण त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावे. तापाने गेलेल्या अकरा दिवसांच्या बाळाचा ताप चांगला होता, असे ते वचन म्हणत नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर सगळे बोलत होते, तेव्हा आजी स्वयंपाकघरात होती. तिने कोणालाही काही म्हटले नाही. रात्री मी पाणी प्यायला गेले, तर मांडणीतले आठवे फुलपात्र, सात महिन्यांचे पोट असताना आणलेले, घासून पुसून ओळीत ठेवलेले होते. त्यावर साल होते आणि वरची जागा मोकळी होती.

वर्षभराने नाताळच्या आधी ती मला बरोबर घेऊन बाजारात गेली. दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावे घालणारा माणूस म्हातारा होता आणि आजीला ओळखत होता. त्याने फुलपात्र फिरवून पाहिले, सालावर बोट ठेवले आणि म्हणाला, “आजी, यंदा उशीर झाला. नातू की नात?” आजी म्हणाली, “नातू.” मग तिने वडिलांनी मनात ठरवलेले, पण मंडळीत कधीच न घेतले गेलेले ते तीन अक्षरी नाव सांगितले. त्याने अक्षरामागे किती पैसे ते सांगितले, आजीने कमरेची पिशवी सोडून पैसे मोजून दिले, आणि त्याने फुलपात्र दोन पावलांत धरून छिन्नीवर हातोडी मारायला सुरुवात केली.

ते फुलपात्र आता माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी ते चिंचेने घासते. अक्षरे अजून बोटाला लागतात.